दिवाळीपर्यंत आई रागावणार नाही

सांगली आगारात चंदना पाटीलच्या आवाजाबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. सकाळी साडेसहाच्या सांगली-सातारा गाडीच्या दारात उभी राहून ती "मागं सरका" म्हणाली, की तिच्या गाडीतले लोक तर सरकतच, पण शेजारच्या फलाटावर लागलेल्या गाडीतलेही दोघंतिघं उठून मागं जात. अकरा वर्षं कंडक्टरकी केलेली बाई. पंचाहत्तरी पूर्ण झाली म्हणून फुकट प्रवास मागणाऱ्या एखाद्या तुकतुकीत म्हाताऱ्याला ती नुसतं "आधार दाखवा" म्हणायची आणि म्हातारा आधार न शोधता गुपचूप पैसे काढायचा. हा आवाज तिला वडिलांकडून आला होता. त्यांची सगळी हयात उसाच्या फडात या बांधावरून त्या बांधाला हाका मारण्यात गेली होती.

हाच आवाज दुपारी चारच्या सुमारास घरी यायचा. घर सांगलीच्या कडेला, बस्तीपासून दोन गल्ल्या आत. बस्ती म्हणजे त्यांचं जैन मंदिर. घरात सासू गुणमाला, नऊ वर्षांची प्रियदर्शनी आणि सहा वर्षांची त्रिशला. नवरा, नाव अतिशय, लोणंदला कंपनीत कामाला होता. तो शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा, त्यामुळे लाड करण्याचं खातं त्याच्याकडे आणि ओरडण्याचं चंदनाकडे, अशी वाटणी आपोआप झाली होती. चंदनाला ओरडायची हौस नव्हती. पण पहाटे चारला उठून तीन डबे भरायचे, दोन वेण्या घालायच्या, एकीचा हरवलेला मोजा शोधायचा आणि पावणेसहाला घर सोडायचं, हे सगळं गोड बोलून कसं करतात ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

चातुर्मास सुरू झाला त्याच रविवारची गोष्ट. बस्तीत एक माताजी, म्हणजे जैन साध्वी, चार महिन्यांसाठी मुक्कामाला आल्या होत्या. पांढरं लुगडं, हातात मोरपिसांची पिंछी, आवाज अगदी हळू, आणि तरी मागच्या ओळीपर्यंत ऐकू येणारा. प्रवचन क्रोधावर होतं. चंदना आदल्या दिवशी दुसऱ्या एका बाईची ड्यूटीही करून आली होती. ती भिंतीला टेकून, पंख्याखालची जागा धरून बसली आणि माताजींनी क्रोधाचा पहिला प्रकार सांगायच्या आतच तिचा डोळा लागला.

प्रवचन संपल्यावर माताजींनी विचारलं, कुणाला काही नियम घ्यायचा आहे का. चातुर्मासात घेतात तसे लोक उठून हात जोडून एकेक नियम घेऊ लागले. कुणी बटाटा सोडला, कुणी रात्रीचं पाणी सोडलं. जयपाल अण्णांनी तंबाखू सोडली. ती ते दरवर्षी सोडायचे. मग बायकांच्या घोळक्यातून एक छोटा फ्रॉक उभा राहिला आणि त्रिशलानं खणखणीत आवाजात सांगितलं, "माझ्या आईचा नियम. दिवाळीपर्यंत ती रागावणार न्हाई."

सगळी सभा हसून हसून हलली. माताजीही हसल्या आणि म्हणाल्या, आई कुठं आहे तुझी? त्रिशलानं बोट दाखवलं. तीनशे माना वळल्या. शेजारणीनं ढोसलं तशी चंदना दचकून जागी झाली आणि बघते तर सगळा गाव आपल्याकडे बघतोय आणि माताजींची पिंछी उचललेली. अशा वेळी माणूस जे करील तेच तिनं केलं. दोन्ही हात जोडले, मान वाकवली आणि म्हणाली, "व्हय माताजी." तिच्या आवाजाला माईक लागत नव्हताच. तो रस्त्यापर्यंत ऐकू गेला.

काय कबूल केलं ते तिला बाहेर चपला घालताना कळलं. तिनं सासूला समजावून बघितलं, की मी झोपेत होते, मला काही माहीत नाही, पोरीनं घेतलेला नियम आईला कसा लागेल. गुणमालानं एक चप्पल घातली, दुसरी शोधली आणि सावकाश सांगितलं, "तीनशे माणसांनी ऐकलंय. माताजींच्या पुढ्यात घेतलेला नियम हाय, चंदना. मोडायचा न्हाई." दहा वर्षं त्या आवाजाबरोबर एका घरात काढलेल्या बाईला हे बोलताना किती बरं वाटत असेल याचा चंदनाला अंदाज होता.

मग घरात नियमाची कलमं ठरली. पंच गुणमाला. आवाज चढवला तर मोडला. डोळे वटारले तर मोडला. भांडं आपटलं तर काय, यावर तिनं तांदूळ निवडता निवडता बराच विचार केला आणि निकाल दिला, की स्टीलचं आपटलं तर चालंल, पितळेचं न्हाई. शिवाय नियम काही कुकरसारखा घरी ठेवून जायची वस्तू नव्हे, तो गाडीतही पाळायचा.

मुलींनी दुसऱ्या दिवसापासून नियमाची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. चंदनाच्या ओळखपत्रावरच्या फोटोला मिश्या काढल्या. चंदनानं त्या बघितल्या, दात आवळले आणि म्हणाली, छान. मग तिकिटांना भोकं पाडायचा तिचा जुना चिमटा कपाटातून बाहेर आला. आता तिकिटाचं यंत्र आल्यामुळे तो नुसता पडून होता. दोन दिवसांत कढीपत्त्याच्या झाडाला, प्रियदर्शनीच्या गणिताच्या वहीला, नव्या चादरीला आणि सकाळच्या चपात्यांना सारख्या मापाची भोकं पडली. मुली म्हणतील ते चाललं. रोज दोन मिनिटांच्या शेवया, वेण्या नाहीत, अंघोळ असली तर असली. चंदना स्टीलची भांडी आपटून घेई. त्या महिन्यात घरातल्या एकाही वाटीचा काठ सरळ राहिला नाही.

गाडीत तर आणखी मजा झाली. पहिल्या सकाळी तिनं दारात उभं राहून म्हटलं, "थोडं मागं सरकता का सगळे?" एक माणूस हलला नाही. उलट पुढच्या बाकावरच्या बाईनं विचारलं, ताई, बरं नाही का? गाडी कराडला बारा मिनिटं उशिरा पोचली. ड्रायव्हर कोंडीबा मूळचा कोरेगावचा, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, अबोल माणूस. त्यानं सगळी हकीकत ऐकून घेतली, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "नियम तुमचा हाय, बाई. माझा न्हाई." तेव्हापासून ओरडण्याचं काम कोंडीबानं घेतलं. त्याला सवय नव्हती, त्यामुळे तो कुठेही ओरडे. उंब्रजला उतरणारे लोक कासेगावातच घाबरून उभे राहू लागले.

असे तीन आठवडे गेले आणि मग मुलींचा उत्साह कमी झाला. चंदनाला वाटलं, दमल्या कार्ट्या. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली, की दोघी तिच्यासमोर येऊन बसायच्या आणि तिच्या तोंडाकडे बघत राहायच्या. प्रियदर्शनी आपली आपण वेणी घालू लागली, ती एका बाजूला कलायची. त्रिशला एकदा भरलेला पाण्याचा तांब्या हातात घेऊन आली, आईकडे बघत बघत तो जमिनीवर ओतला आणि थांबली. चंदनानं फडकं आणलं, पुसलं, आणि फडकं पिळायला गेली. मोडला नाही नियम, याचाच तिला त्या वेळी अभिमान वाटला. दिवाळीला अजून अडीच महिने होते आणि तिनं मनाशी ठरवलंच होतं, की सासूला जिंकू द्यायचं नाही.

तो गुरुवार होता. शिक्षकांची कसलीशी बैठक होती म्हणून शाळा साडेनऊला सुटणार होती. तसा निरोप पालकांच्या ग्रुपवर आला होता. शुभ सकाळच्या बेचाळीस फुलांखाली तो कुठेतरी पडला होता, आणि चंदना त्या वेळी साताऱ्याच्या वाटेवर तिकिटं फाडत होती. तिला तो दिसलाच नाही.

साताऱ्याहून परत येताना गाडी सव्वाबाराला कराडच्या स्टँडवर लागली. नोंद करायला चंदना खाली उतरली. जाता जाता तिला बाकावर शाळेच्या गणवेशातल्या दोन पोरी वडापाव खाताना दिसल्या. तिच्या मनात आलं, कुणाच्या म्हणायच्या या, आयांचं लक्षच नसतं हल्ली. दोन पावलं पुढं गेली आणि तिला ती एका बाजूला कललेली वेणी ओळखू आली.

सांगली ते कराड, पाऊणशे किलोमीटर, दोघी, एकट्या. वाटेत काय काय होऊ शकलं असतं ते सगळं तिच्या डोळ्यांपुढून एका क्षणात जाऊन आलं, आणि ती एवढी भ्याली, की जवळच्या खांबाला हात लावून तिला उभं राहावं लागलं. भीती ओसरली तसा तिच्या मागोमाग राग आला. तो तळपायापासून निघाला आणि गळ्याशी येऊन थांबला. त्रिशला वर बघत होती. तोंडात वडा, चातुर्मासातला बटाटा, आणि डोळ्यांत कसलीशी वाट बघणं. चंदनानं तोंड उघडलं. नियम आठवला. तोंड मिटलं.

मग हळू आवाजात तिनं विचारलं, आलात कशा. प्रियदर्शनीनं सगळं सांगितलं. रिक्षावाल्या काकांना सांगितलं, की आई न्यायला येणार आहे. चालत स्टँडवर आल्या. कराडची गाडी लागलेली होती, गर्दी होती, एका बाईबरोबर चार मुलं होती, त्यांच्यात जाऊन उभ्या राहिल्या. कंडक्टरला वाटलं, तिच्याच सगळ्या, आणि त्यानं या दोघींना वेगळं तिकीट विचारलंच नाही. ही युक्ती चंदनाच्या चांगली ओळखीची होती. फुकटे लोक काय काय करतात ते तीच रोज जेवताना हसून हसून सांगायची. "पैसे नव्हते का?" तिनं विचारलं. होते, असं प्रियदर्शनी म्हणाली. पण तिकीट काढलं असतं तर वडापावला उरले नसते.

म्हणजे कंडक्टरच्या पोरी आणि विनातिकीट. अकरा वर्षांच्या नोकरीत एवढा मोठा अपमान चंदनाचा कुणी केला नव्हता. तिनं दोघींची मनगटं धरली, गाडीत आणून ड्रायव्हरमागच्या बाकावर बसवलं, यंत्रातून अर्धी तिकिटं काढली, जाण्याची दोन आणि येण्याची दोन, स्वतःचे पैसे घातले आणि चारही तिकिटं त्यांच्या हातात ठेवली. घरी फोन केला. शाळा सुटायला अजून वेळ आहे अशा समजुतीत गुणमाला निवांत दोडका चिरत होती. तिनं ऐकलं आणि दोडका तसाच टाकून ती फाटकात जाऊन उभी राहिली.

गाडी सुटली. चंदना तिकिटं काढत पुढून मागं आणि मागून पुढं गेली. दोघींच्या बाकाजवळून ती चार वेळा गेली आणि एकदाही थांबली नाही. कोंडीबा आरशातून बघत होता. पेठ नाका मागं पडला, गाडी जरा रिकामी झाली, तशी ती पलीकडच्या बाकावर येऊन बसली आणि खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर नुसता ऊस होता.

"आई, ओरड की," त्रिशला म्हणाली.

चंदना म्हणाली, नियम आहे.

त्रिशलानं हात लांबवून तिची बाही ओढली. "तांब्या ओतला तरी ओरडली न्हाईस. चादरीला भोकं पाडली तरी न्हाई. म्हटलं, कराडला गेल्यावर तर ओरडशील."

चंदनाला पुढचं तिकीट कुणाचं काढायचं तेच आठवेना. सहा आठवडे ही पोरगी एकेक करून सगळं मोडत, सांडत, फाडत चालली होती आणि आपण फडकी पिळत बसलो, नियम मोडला नाही म्हणून मनात मिरवत. तिला पोरीला जवळ ओढून घ्यावंसं वाटलं आणि एक सणसणीत द्यावीशीही वाटली. दोन्ही एकदम करायची तिची नेहमीची पद्धत नियमात बसत नव्हती.

पुढून कोंडीबानं घसा साफ केला. गाडीचा वेग कमी केला आणि आरशात बघून म्हणाला, "बाई, सांगा. मी वरडतो."

"तुमी नका," त्रिशला रडत रडत म्हणाली. "आईनंच."

सांगलीला उतरल्यावर हिशेब भरून चंदना दोघींना घेऊन घरी न जाता आधी बस्तीत गेली. अंगात खाकी, खांद्याला बॅग, दोन्ही बाजूंना दोन पोरी. माताजी एकट्याच पोथी वाचत बसल्या होत्या. तिघींनी हात जोडून वंदामि म्हटलं. चंदना काही बोलायच्या आत त्रिशला पुढं सरकली.

"माताजी, आईचा नियम परत घ्या."

माताजींनी पोथी बाजूला ठेवली. का, म्हणून विचारलं.

"ती दुसऱ्याच कुणाची तरी आई वाटती."

मग चंदनानं सगळं सांगितलं. कराड सांगितलं, वडापाव सांगितला, विनातिकीट सांगताना मान खाली घातली. नियम एकदाही मोडला नाही हेही सांगितलं, पण आता ते सांगताना तिला मोठं काही केल्यासारखं वाटलं नाही. माताजींनी विचारलं, राग आला होता का? लय आला होता, असं ती म्हणाली. त्याच्या आधी भ्याले होते, असंही म्हणाली, आणि हे म्हणताना तिचा तो प्रसिद्ध आवाज अगदी बारीक झाला.

माताजी म्हणाल्या, "त्या रविवारी मी क्रोधाचे किती प्रकार सांगितले, आठवतं तुला?"

चंदनानं नाही म्हणून मान हलवली.

"कसं आठवेल? घोरत होतीस." माताजींच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. "इथं समोर बसलं की सगळं दिसतं. झोपलेल्या माणसाला नियम देता येत नाही, बाळ. जागेपणी, समजून, आपल्या तोंडानं मागितला तर तो नियम. तुझा लागूच झाला नव्हता."

चंदनानं मनात मोजलं. सहा आठवडे, सगळ्या वाट्या, कढीपत्त्याचं झाड. मग आधी का नाही सांगितलंत, असं तिनं शक्य तितक्या अदबीनं विचारलं.

"तू विचारायला येशील म्हणून वाट बघत होते. तू आलीच नाहीस. म्हटलं, बाई आनंदानं करतेय, करू दे." आता मात्र त्या हसल्या. "आज जागी आहेस. घ्यायचा आहे काही नियम?"

चंदनानं शेजारी बघितलं. उजवीकडे प्रियदर्शनी चार तिकिटांची घडी घालत होती आणि उघडत होती. डावीकडे त्रिशला नाक ओढत होती. चंदनानं हात जोडले.

"घेते माताजी. पर आधी मला जरा भाईर जाऊन यायचं हाय."

"जाऊन ये," माताजी म्हणाल्या आणि त्यांनी पोथी परत पुढं ओढली.

बस्तीच्या फाटकाबाहेर येऊन चंदनानं दोघींना समोर उभं केलं, बॅग खाली ठेवली आणि श्वास घेतला. सहा आठवडे न वापरलेला आवाज पहिल्या शब्दाला जरा घोगरा आला, दुसऱ्याला सुधारला आणि तिसऱ्याला रस्त्यावरच्या टेम्पोवाल्यानं ब्रेक मारला. तिनं कराडबद्दल सांगितलं, रिक्षावाल्या काकांशी खोटं बोलण्याबद्दल सांगितलं, विनातिकिटाबद्दल तर दोनदा सांगितलं. वाटेत कुणी हात धरून नेलं असतं तर मी कुठं शोधलं असतं, हे सांगताना ती रडली आणि रडत रडतच चादरीच्या भोकांवर आली. मग वेण्या, शेवया, मिश्या, तांब्या. मधेच तिनं त्रिशलाला दंडाला धरून हलवलं आणि त्याच हातानं पोटाशी घट्ट धरलं, पण ओरडणं थांबवलं नाही.

दोन गल्ल्या पलीकडे गुणमाला दुपारपासून फाटकात उभी होती. तिनं कान देऊन ऐकलं. नियम मोडला म्हणून ती काही म्हणाली नाही. घरात गेली आणि तिनं चहाचं आधण ठेवलं.

इकडे आईच्या खाकी शर्टात नाक खुपसून त्रिशला भोकाड पसरून रडत होती. आई श्वास घ्यायला थांबली तेवढ्यात तिनं तोंड बाहेर काढलं, प्रियदर्शनीकडे बघितलं आणि हुंदका गिळून तिला सांगितलं, "आली गं आई."